सुक्रेची सावली

जुलैत आखातातल्या फुजैरातली मुलं घरात कोंडल्यासारखी होतात. संध्याकाळ झाली तरी बाल्कनीची कडी हाताला चटका देते आणि खाली पार्किंगमध्ये चिटपाखरू दिसत नाही. ज्यांना सुट्टीत भारतात जायला मिळतं ती सुटतात. जी मागे उरतात त्यांच्यासाठी मुरलीधरांनी शनिवारचा वर्ग काढला होता. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली की त्यांच्या मुलाच्या, सुरेशच्या फ्लॅटमध्ये हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी घालायची, आणि सात-आठ मुलं एसीच्या वाऱ्यात मांडी घालून बसायची.

मुरलीधर चिंचवडच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलाकडे आले आणि इथेच रमले. मुलं त्यांच्याशी इंग्रजीत बोलत, ते मुलांशी मराठीत, आणि दोघांचंही कुठे अडत नसे. त्यांची एक जुनी सवय होती. उत्तर म्हणून लगेच सांगायचं नाही. मूल चुकलं तरी "बरं, मग पुढे काय होईल?" एवढंच विचारायचं आणि थांबायचं. सुरेश लहानपणी या थांबण्याला फार वैतागायचा.

या महिन्यात वर्गाचा विषय होता बोलिव्हियातलं सुक्रे हे शहर. बोलिव्हियाची राजधानी विचारली की लोक ला पाझ म्हणतात, आणि त्या बाजूला फिरायला जाणारेही बहुतेक सुक्रे सोडून पुढे निघून जातात. मुरलीधर मात्र नोकरीभर प्रत्येक वर्गाला बजावत आले होते की घटनेप्रमाणे राजधानी सुक्रे आहे. कधी न पाहिलेल्या त्या गावाबद्दल त्यांना उगाचच आपुलकी होती. नात ईश्वरी आर्किटेक्चर संपवून, अबुधाबीतली नोकरी सुरू व्हायच्या आधी एकटीच दक्षिण अमेरिका बघायला निघाली, तेव्हा सुरेशचा साफ नकार होता. मुरलीधरांनीच मध्ये पडून त्याला वळवलं, आणि वर नातीला म्हणाले, "सगळे जातात तिथे जाऊ नकोस. सुक्रेला जा. माझ्या वतीनं बघ."

ती गेली. दोन शनिवार तिने व्हिडिओ कॉलवरून मुलांना शहर हिंडवलं. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, लाल कौलं, टेकडीवरच्या मठाच्या कमानी, बाजारात उंच ओट्यावर बसून फळांचा रस काढणाऱ्या बायका. इकडे दिवेलागण झालेली असे आणि तिकडे दिवस वर येत असे. तिच्या डोक्यावर लोकरी टोपी, अंगात जाकीट बघून मुलं चकित व्हायची. "तिकडे आता हिवाळा," मुरलीधर सांगायचे. "आपल्या उलट. आपण वर, ते खाली."

तिसऱ्या शनिवारी ईश्वरी शहराबाहेरच्या डोंगरात गेली होती. सकाळच्या गाडीने तिला घाटावरच्या एका छोट्या प्रार्थनाघरापाशी सोडलं होतं. तिथून एक जुनी फरसबंद वाट खाली उतरते. तीच गाडी दुपारी त्याच जागेवरून परत शहराकडे जाणार होती, आणि त्यानंतर दुसरी नव्हती. मुरलीधरांनी मुलांसाठी फळ्यावर नकाशा काढून ठेवला होता. वरच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, डोंगराच्या माथ्यावरून जाणारा रस्ता आणि प्रार्थनाघर. तिथून दक्षिणेला उतरणारी वाट. आणि अगदी खाली, आडव्या रेघा मारून, दरी.

टीव्हीच्या पडद्यावर ईश्वरी चालताना दिसत होती. लाल माती, पिवळं गवत, मागे सुरकुत्या पडल्यासारखे डोंगर. मुलं ओरडून विचारत होती, साप आहे का, दीदी, उंट आहे का. ती हसत होती. मग तिने फोन उंच धरला, संपूर्ण दरी दाखवायला, आणि चित्र गरकन फिरलं. आकाश, गवत, आकाश, दगड. कड्कड् आवाज झाला. मुलं खिदळली, त्यांना वाटलं ही दीदीची गंमत. पडदा क्षणभर एका गवताच्या काडीवर स्थिर राहिला आणि काळा झाला.

"नेटवर्क गेलं," मुरलीधर म्हणाले. आवाज सरळ ठेवायला त्यांना कष्ट पडले. शेवटच्या क्षणी त्यांनी ईश्वरीचा "अगं बाई" असा अर्धवट आवाज ऐकला होता. पडला तो फोन, की फोनसकट पोरगी, हे त्यांना कळलेलं नव्हतं.

सून मंजुषा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आपल्या फोनवरून ईश्वरीचा नंबर लावत राहिली, आणि तो लागत नव्हता. मुरलीधर मुलांना बोलिव्हियाच्या झेंड्याचे रंग विचारत राहिले. कोण काय उत्तर देतंय ते त्यांच्या कानात शिरत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांच्याच फोनवर परदेशातला, अनोळखी नंबर आला.

"आजोबा, मी ओके आहे." ईश्वरीला धाप लागली होती. "फोन गेला खाली. आय मीन, घळीत. मी बाबांच्या डब्यावरून बोलतेय."

डबा म्हणजे बटनांचा साधा फोन. सुरेश तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी ऑफिसर होता आणि प्रत्येक गोष्टीला दुसरी सोय हवी, हा नोकरीतला नियम तो घरातही चालवायचा. तिच्या सॅकमध्ये तो फोन त्यानेच कोंबला होता. तेव्हा ती म्हणाली होती, बाबा, हा म्युझियमला देऊ का.

मुरलीधरांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. मंजुषाला खुणेनं सांगितलं, बरी आहे. मग हळूहळू सगळं विचारून घेतलं. पडलेला फोन आणायला ईश्वरी वाट सोडून घळीत उतरली होती. फोन मिळाला नाही. वर चढायला गेली तर निघाली भलत्याच घळीत, आणि आता सगळ्या घळी सारख्याच दिसत होत्या. प्रार्थनाघर दिसत नव्हतं, वाट दिसत नव्हती. नकाशा हरवलेल्या फोनमध्ये होता. कार्डात बॅलन्सही थोडाच होता.

"मला फक्त सांगा, कुठल्या साइडला जाऊ."

मुरलीधरांनी फळ्याकडे पाहिलं. रस्ता उत्तरेला. उत्तर सापडली की पोरगी सापडली. असं कोडं त्यांनी सहलीला नेलेल्या कितीतरी मुलांना घातलं होतं.

"ऊन आहे ना? तुझी सावली कुठे पडलीय बघ."

"समोर. उताराच्या बाजूला."

"भर दुपार होत आलीय तिकडे. दुपारची सावली उत्तर दाखवते. सावलीच्या टोकाकडे चाल, रस्ता लागेल."

"पण खाली उतरतंय ते."

"मध्ये उतार लागेल, मग चढ लागेल. घळी अशाच असतात."

"शुअर ना, आजोबा?"

"पाचवीच्या मुलाला येतं हे," मुरलीधर म्हणाले. तिला धीर यावा म्हणून थोडं हसलेही.

ती बरं म्हणाली. रस्त्यावर पोचले की फोन करते, म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मंजुषा सोफ्याच्या कडेला टेकली. मुलं मोठ्या माणसांच्या तोंडांकडे बघत होती. शेजारच्या फ्लॅटमधली नऊ वर्षांची अस्मी सगळ्यांत पुढे बसायची. तिने हात वर केला.

"आजोबा, व्हाय डज द शॅडो पॉइंट नॉर्थ?"

चांगला प्रश्न होता, आणि वेळही काढायचा होता. मुरलीधरांनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. मुलांतल्या रोनितला हॉलचा दिवा घालवायला सांगितलं, कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला, सुरेशच्या ड्रॉवरमधली मोठी टॉर्च अस्मीच्या हातात दिली. तू सूर्य, ते म्हणाले. मंजुषाकडून कणकेची गोळी आणि एक टाचणी मागून घेतली. गोळी पुण्यावर चिकटवली, टाचणी तिच्यात उभी केली.

"आता सूर्याला विषुववृत्ताच्या समोर धर. हलवू नकोस. सावली कुठे गेली?"

"अप," मुलं एका आवाजात म्हणाली. टाचणीची बारीक सावली हिमालयाकडे गेली होती.

"वर म्हणजे उत्तरेला. पुण्यात वर्षाचे बहुतेक महिने दुपारी असंच. चिंचवडच्या शाळेच्या मैदानात आम्ही काठी रोवून बघायचो."

केया नावाची लहानगी म्हणाली, नाऊ दीदीज सिटी. मुरलीधरांनी गोळी उचलली, गोल फिरवला, बोलिव्हिया शोधून सुक्रेवर लावली. टाचणी सरळ केली.

"इट्स गोइंग डाउन," अस्मी म्हणाली.

"टॉर्च वर गेली असेल तुझी. खाली घे."

"आय डिडन्ट मूव्ह इट, आजोबा. तुम्ही सांगितलं ना, हलवू नको."

मुरलीधरांनी टॉर्च तिच्या हातातून घेतली. विषुववृत्ताच्या अगदी समोर धरली. टाचणीची सावली खाली, गोलाच्या बुडाकडे गेली होती. त्यांनी टॉर्च थोडी वर घेतली, जुलैत सूर्य असतो तिथे. सावली आणखी लांबली. आणखी दक्षिणेला.

आपण वर, ते खाली, हे त्यांनीच याच सतरंजीवर सांगितलं होतं. हिवाळ्याचं लक्षात राहिलं आणि सावलीचं नाही. आयुष्यभर एकाच अंगणात उभं राहून शिकवलेलं वाक्य तोंडातून निघालं होतं, विचार करायच्या आधी. पोरीनं विचारलंही होतं, खाली उतरतंय ते. ही आपली सवय, उत्तर न सांगता थांबायची, नेमकी आज कुठे गेली होती?

त्यांनी टॉर्च अस्मीच्या हातात परत दिली आणि फोन उचलला. मघाचा नंबर लावला. एक बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली आणि फोन तुटला. पुन्हा लावला. तीच बाई, तोच गोड आवाज.

"काय झालं, बाबा?" मंजुषाने विचारलं.

मुलांसमोर सांगायचं की नाही, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. मग ते फळ्याकडे गेले आणि खडूने प्रार्थनाघरापासून खाली, आडव्या रेघांच्या दिशेनं बाण काढला.

"मी तिला इकडे पाठवलंय," ते म्हणाले. "रस्त्याकडे नाही. दरीकडे. तिथे सावली उलटी पडते. मी चुकीचं सांगितलं."

मंजुषा फळ्याकडे बघत राहिली. त्याच वेळी दारात किल्ली फिरली आणि सुरेश आत आला. अंगात टर्मिनलचा निळा डगला, हातात हेल्मेट. अंधार, पोरांच्या मधोमध टॉर्च, आणि बायकोचा चेहरा. त्याला सगळं सांगायला फार वाक्यं लागली नाहीत.

सुरेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुम्हीच म्हणालात, जाऊ दे तिला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्हीच म्हणालात सुक्रे." मग हेल्मेट बुटांच्या स्टँडवर ठेवून फोन घेऊन बाल्कनीत गेला. ईश्वरी उतरली होती त्या हॉस्टेलची मालकीण थोडं इंग्रजी बोलायची. काचेतून त्याचा हात हवेत वर-खाली होताना दिसत होता. परत आला तेव्हा म्हणाला, बाई कुणाला तरी घेऊन गाडीने निघतेय, पण घाटाचा रस्ता, पोचायला वेळ लागणार. आणि पोचून शोधणार कुठे. तिथे ऊन उतरलं की पाणी गोठतं, ती म्हणाली.

मुरलीधर नंबर लावत राहिले. बोटाला दुसरं काही सुचत नव्हतं. रोनितची आई त्याला न्यायला आली, दारातच थबकली, मग आत येऊन मुलांच्या मागे खाली बसली. कुणी दिवा लावला नाही.

फोन वाजला तेव्हा सगळेच दचकले.

"आजोबा." आवाज अगदी बारीक होता, आणि मागे वारा. "पुढे काहीच नाहीये. मी एका कडेला आलेय. खाली नुसती दरी. रस्ता नाही."

"तू कडेपासून मागे सर. आधी मागे सर आणि बस. बसलीस?"

"हो."

"आता ऐक. मी चुकलो. तुला उलट्या बाजूला पाठवलं मी."

सुरेशने फोन घ्यायला हात पुढे केला. मुरलीधरांनी मान हलवली.

"मग आता मी काय करू?" ईश्वरीचा आवाज फुटायला आला होता. "परत फिरू? तुम्ही मघाशी पण शुअर होतात. हे पण चुकलं तर? मला परत चढायचं म्हणजे, आजोबा, माझ्यात तेवढंच आहे. एकदाच चढू शकेन."

मुरलीधरांना उत्तर ठाऊक होतं. गोल समोर होता, टॉर्च समोर होती. नुसतं 'परत फीर' म्हटलं असतं तरी ती फिरली असती कदाचित, पण प्रत्येक वळणावर शंका घेत, थांबत, वाट बदलत. मघा त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि ते देऊन फसले होते.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," ते म्हणाले. "काठी आहे का जवळ? काहीही सरळ."

"ट्रेकिंग पोल आहे."

"सपाट जागी रोव. सावलीच्या टोकावर एक खडा ठेव. मग थांब. काही करू नकोस, पाणी पी, दोन बिस्किटं खा. सावली सरकेल. तिच्या नव्या टोकावर दुसरा खडा ठेव. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला जातो, तो तिकडेही तसाच जातो. मग सावलीचं टोक कुठून कुठे जाईल?"

सुरेशने भिंतीवर मूठ टेकली. सांगून टाका ना बाबा, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मुरलीधर थांबले.

"वेस्टकडून ईस्टकडे," ईश्वरी म्हणाली.

"बरं. मग पुढे काय होईल?"

"म्हणजे पहिला खडा वेस्ट. दुसरा ईस्ट."

"पहिला डाव्या हाताला, दुसरा उजव्या हाताला येईल अशी उभी राहा. तुझं तोंड उत्तरेला. तेव्हा काठी तुझ्या समोर आहे की पाठीशी, ते बघ, आणि मला सांग. फोन ठेव आता, बॅलन्स जाईल."

फोन ठेवल्यावर सुरेश म्हणाला, "ती तिथे कड्यावर बसलीय आणि तुम्ही तिचा तास घेताय." त्याच्या आवाजात राग होता आणि रागाच्या मागे रडूही होतं. मुलगा खोटं बोलत नव्हता.

एसी घरघरत होता. मंजुषाने देवघरापाशी जाऊन समई लावली आणि तिथेच भिंतीला पाठ लावून बसली. मुरलीधर टाचणीच्या सावलीकडे बघत राहिले. ही सावली सरकत नव्हती, कारण अस्मीने टॉर्च पुस्तकांच्या चवडीवर टेकवून दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिकडची सरकत असेल. पोरगी तिच्याकडे बघत बसली असेल. की धीर सुटून उठली असेल, आणि पाय जिकडे नेतील तिकडे निघाली असेल? त्यांना अनेक वर्गांतली अनेक मुलं आठवली, थांबायला सांगितलं की हमखास उठणारी. ईश्वरी त्यांतलीच होती.

फोन वाजला.

"काठी समोर आहे," ती म्हणाली. आवाज आता फाटलेला नव्हता. "दोनदा केलं मी. तिसरा खडा पण ठेवला. सावली माझ्याकडे येतेय, आजोबा. मागे पडतेय. साउथला."

"मग कुठे जायचं?"

"काठीच्या पलीकडे. सावली पाठीमागे ठेवून. वर."

"मी सांगतोय म्हणून?"

"नाही. मी बघितलं."

"मग चाल," मुरलीधर म्हणाले. "सूर्य हळूहळू डावीकडे उतरेल, सावली उजवीकडे सरकेल, ते लक्षात ठेव. घाबरलीस की पुन्हा काठी रोव." आणि ती फोन ठेवायच्या आत सुरेशच्या हातात फोन दिला. सुरेश नुसतं "ईशू, हळू चढ" म्हणाला.

आता करण्यासारखं कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. एकेकाचे आईबाप येऊन मुलांना घेऊन गेले. रोनित दारातून दोनदा मागे वळला. मंजुषाने खिचडी टाकली, ती कुणी वाढून घेतली नाही. सुरेश हॉस्टेलच्या बाईशी पुन्हा बोलला. तिची गाडी घाटाला लागली होती. मग तो येऊन सतरंजीवर वडिलांच्या शेजारी बसला. मग उठून गेला नाही.

अस्मीला न्यायला तिची आई आली तेव्हा ती जागची हलायला तयार होईना.

"इफ आय स्विच इट ऑफ," ती म्हणाली, "दीदीला दिसणार कसं?"

तिची आई समजूत घालायला वाकली, तर मंजुषाच म्हणाली, राहू दे तिला. अस्मीचे हात एव्हाना अवघडले होते. टॉर्चचा उजेड पिवळा पडत चालला होता, आणि गोलाच्या बुडाकडची सावली पुसट होत होती. मुरलीधरांना वाटलं सेल बदलावेत. पण उठायची हिंमत होईना, जणू खरंच काही बिघडेल.

फोन आला तो हॉस्टेलच्या बाईच्या नंबरावरून, आणि बोलली ईश्वरी. मागे इंजिनाची घरघर होती, कुणीतरी बाईमाणूस मोठमोठ्याने हसत काही बोलत होतं. शेवटची गाडी निघून गेली होती, पण ही गाडी वेळेवर पोचली होती. ईश्वरी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली सापडली त्यांना. गुडघा सोलवटला होता, बाकी सगळं जागच्या जागी. फोन कायमचा गेला. आजीच्या साडीची ओढणी केलेली, तीही कुठेतरी काट्यांत अडकून राहिली.

मंजुषा देवघरासमोर बसून रडली. सुरेशने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच जोरात, आणि तसाच ठेवला.

"आजोबा," फोनमधून ईश्वरी म्हणाली, "पुढच्या शनिवारी मुलांना काय सांगणार?"

"झालं ते सगळं."

"माझं काठीवालं पण?"

"आधी माझं," मुरलीधर म्हणाले. "मग तुझं."

फोन ठेवून ते सावकाश गुडघ्यावर हात टेकत उठले. फळ्यावरचा चुकीच्या दिशेचा बाण त्यांनी पुसला नाही. गोलापाशी अस्मी अजून तशीच बसली होती, डोळे मिटायला आलेले, दोन्ही मुठींत टॉर्च. ते तिच्या समोर खाली बसले.

"पोचली दीदी," ते म्हणाले. "आता सूर्य मावळू दे."